पाप-जॅझ संध्या

हॉल पाहून ठेवायचा, एवढंच काम होतं. धम्मशीलानं ते फोनवर अशा सुरात सांगितलं, जणू येताना कोथिंबिरीची जुडी घेऊन या.

"बाबा, एप्रिलच्या शेवटी आमचा दौरा आहे. नागपूर, अमरावती, अकोला आणि मग खामगाव. बाकीच्या गावांचं आयोजक पाहून राह्यले. खामगावचा हॉल तेवढा तुम्ही पाहून ठेवा."

"खामगाव काऊन?" मी विचारलं.

"काऊन म्हणजे? माहं गाव आहे."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी "पाहतो" म्हणून फोन ठेवला आणि छातीत धडधडायला लागलं. माझ्या छातीबद्दल आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ती वारंवार येणार आहे. डॉक्टरांनी दोनदा ईसीजी काढला, दोन्ही वेळा हृदय उत्तम निघालं. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "हिवराळे साहेब, यंत्र बरोबर आहे. स्वभाव कुठं तपासतात ते मला माहीत नाही."

मी नागसेन हिवराळे, एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. एकोणतीस वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला असते आणि सॅक्सोफोन वाजवते. नोकरी करून उरलेल्या वेळात वाजवते असं नाही, वाजवणं हीच नोकरी. धाड या गावी आमची बदली होती तेव्हा शेजारच्या गल्लीत शेषराव मास्तरांची बँडपार्टी होती. अकरा वर्षांची ही पोरगी रोज त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायची. मास्तरांनी एक दिवस तिच्या हातात वाद्य दिलं, आणि ते आजतागायत खाली ठेवलं गेलेलं नाही. ती जे वाजवते त्याला पॉप-जॅझ क्रॉसओव्हर म्हणतात. म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "ओळखीची चाल घ्यायची, तिले घराबाहेर काढायची, गावभर हिंडवायची, आणि अंधार पडायच्या आत घरी आणून सोडायची." बाप म्हणून मला यातला हिंडवण्याचा भाग आवडला नाही.

तिचा एकही कार्यक्रम मी समोर बसून ऐकला नव्हता. बंगळुरू लांब आहे, हे कारण मी सगळ्यांना सांगत असे. खरं कारण माझी बायको मंजुश्रीला ठाऊक आहे. पुण्यात एकदा मी सभागृहाच्या दारापर्यंत गेलो होतो. आत मंजुश्री गेली, मी बाहेर टपरीवर दोन तासांत सात चहा घेतले. पोरगी चुकली तर, लोक उठून गेले तर, या दोन विचारांवर मी तेवढा वेळ काढला.

आमच्या शेजारी इंद्रभान पाटखेडे राहतात. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर स्टँडवरच्या माईकवर बोलल्यामुळे ते घरातही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात. त्यांना कार्यक्रमाचं कळलं आणि ते ताबडतोब खुर्ची घेऊन आमच्या अंगणात आले.

"हिवराळे साहेब, एकटा बाजा दोन तास कोण ऐकंन? मधात एखादी नक्कल ठेवा. एखादी नक्कल ठेवा."

"तिच्यासोबत तिघं साथीला आहेत."

"तरी निवेदक लागतेच. निवेदक मी आहो. मी आहो."

वरच्या मजल्यावरच्या बनाबाईंची काळजी वेगळी होती. त्या कठड्यावरून वाकून मंजुश्रीला म्हणाल्या, "बाई, एवढं फुंकून पोरीचे गाल लोंबतीन. लग्न व्हायचं आहे तिचं. तूप लावत जाय म्हणा."

मंजुश्री प्राथमिक शाळेत मास्तरीण आहे. चाळीस पोरं एकदम ओरडली तरी ती पान उलटत नाही. ती मला म्हणाली, "तुम्ही हॉल पाहा फक्त. बाकी पोरगी पाहीन."

सुमंगल सभागृहाचा व्यवस्थापक सज्जन होता. सव्वीस तारीख रिकामी आहे म्हणाला, पण आधी परवानगी आणा. परवानगी ज्या कार्यालयातून मिळते त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण मला तिथं अजून कामं पडतात. तिथं हर्षल नावाचा तरुण लिपिक होता. माझ्या नोकरीच्या वर्षांहून त्याचं वय कमी असेल.

"प्रकार?" त्यानं माझ्या अर्जावर बोट ठेवलं.

छापील अर्जात भजन, कीर्तन, नाटक, ऑर्केस्ट्रा, बँड आणि इतर असे प्रकार होते. मी "इतर" वर खूण केली होती.

"इतर म्हणजे काय ते लिहा, साहेब."

मी पॉप-जॅझ लिहिलं. त्यानं ते दोन वेळा वाचलं. "हे कोणत्या शीर्षात बसवू? इतरमध्ये आजपावेतो दोनच अर्ज आले. एक संमोहनाचा, एक कुत्र्यांच्या प्रदर्शनाचा."

"वाद्यसंगीत आहे."

"तोंडानं वाजवतात?"

"हो."

"मग बँड." त्यानं माझी खूण खोडून दुसरीकडे केली. "आता बँड म्हटला की वरातीचा मार्ग जोडावा लागते."

"वरात नाही हो. एका जागी उभं राहून वाजवणार आहे."

"मग मार्गात तसं लिहा. रकाना कोरा चालत नाही."

त्यानं अर्जावर शिक्का मारला, "त्रुटीपूर्ततेसाठी परत." हे दोन शब्द मी स्वतः आयुष्यात हजारो लोकांच्या अर्जांवर उमटवले आहेत. ते उलट्या बाजूनं वाचायला कसे लागतात हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. घरी येऊन मी मार्गाच्या रकान्यात लिहिलं, "सुमंगल सभागृह ते सुमंगल सभागृह." सोबत नकाशा जोडला. नकाशात एक चौकोन होता. परवानगी मिळाली.

यानंतर मी पोस्टर छापायला टाकलं. छपाईवाल्यानं प्रूफ दाखवलं तेव्हा मी चष्मा पुसून तारीख तपासली, वेळ तपासली, पत्ता, फोन नंबर, हिवराळेतला ऱ्हस्व हि, सगळं तीन-तीनदा पाहिलं आणि सही केली. दुसऱ्या दिवशी दोनशे पोस्टरं छापून आली आणि गावात लागायला लागली. त्यावर धम्माचा सॅक्सोफोन घेतलेला झकास फोटो होता आणि डोक्यावर वीतभर अक्षरांत लिहिलं होतं: "पाप-जॅझ संध्या".

पॉपवरचा चंद्र गळाला होता. सगळ्यात मोठं अक्षर माणूस वाचतच नाही, ही गोष्ट तेव्हा लक्षात आली.

मी छपाईवाल्याकडे गेलो. त्यानं शांतपणे प्रूफ काढलं आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. दुसऱ्यांचे ऱ्हस्वदीर्घ काढण्यात हयात घालवलेल्या माणसानं यावर काय बोलावं? मी एक काळा स्केचपेन विकत घेतला आणि भर उन्हात भिंतीभिंतीला जाऊन चंद्र काढायला लागलो. स्टँडजवळ एकानं थांबून विचारलं, "काय करून राह्यले, काका?"

"चंद्र काढून राह्यलो," मी म्हणालो. त्यानं एकदा आभाळाकडे पाहिलं आणि वाट धरली.

पंधरा-वीस चंद्र झाल्यावर इंद्रभान भेटले. ते आनंदात होते. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या कंडक्टरांच्या हाती उरलेली शंभरेक पोस्टरं नांदुरा, शेगाव, वरवट बकाल, जिथं गाडी जाते तिथं पाठवून दिली होती. "सगळीकडं लागले साहेब. सगळीकडं लागले." मी स्केचपेनला टोपण लावलं.

संध्याकाळी बनाबाई मुद्दाम खाली उतरून आल्या. "नागसेनभाऊ, पापावर कार्यक्रम ठेवला म्हणते तुमच्या पोरीनं. बरं केलं. आजकाल पापावर कोणी बोलतच नाही. आमचं भजनी मंडळ येते सारं. टाळ आणावं काय?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला क्रॉसओव्हर कसा समजावणार, तेही जिन्यात? "टाळ नका आणू," एवढंच मी म्हणू शकलो.

तिसऱ्या दिवशी वरवट बकालहून तुळशीराम नावाचे गृहस्थ आले. पांढरं धोतर, हातात टरबूज. टरबूज टेबलावर ठेवून ते बसले आणि म्हणाले, "पोस्टर पाह्यलं. पोरगी बाजा वाजवते ना तुमची? आमच्या पोराचं लग्न आहे, इथंच खामगावले. बँड भेटून नाही राह्यला. बाईमाणूस पुढं वाजवत असली तं वरात गाजंन."

माझी मान ताठ झाली. "ती कलाकार आहे," मी म्हणालो.

"हाव ना. म्हणून तं आलो."

त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही कुचेष्टेचा भाव नव्हता, त्यामुळे रागावताही येईना. मी जरा उंच आवाजात सांगितलं की ती सभागृहात वाजवते, रस्त्यात नाही, आणि तुम्हाला खरा बँडच हवा असेल तर धाडच्या शेषराव मास्तरांसारखा माणूस या जिल्ह्यात नाही. नंबर लिहून दिला. तुळशीराम खूश होऊन गेले. मीही एक प्रकरण निकाली काढल्याच्या समाधानात टरबूज कापलं.

फोड तोंडात असताना मंजुश्रीनं विचारलं, "वरात कोणत्या तारखेची आहे?"

ते मी विचारलंच नव्हतं. दोन दिवसांनी मास्तरांचा फोन आला. ते अडखळत बोलत होते. "साहेब, धम्मानं मले पहिल्या रांगेत बसा म्हणून सांगतलं होतं. पण सव्वीसलेच वरात आली, खामगावलेच. शब्द देऊन बसलो. तुमचं नाव सांगितलं त्याइनं, मंग नाही कसं म्हणू?"

अशा रीतीनं माझ्या मुलीच्या गुरूला तिच्या कार्यक्रमापासून मी स्वतः दूर केलं. हे मंजुश्रीला सांगितलं तेव्हा ती उठली. तिनं उरलेलं अर्धं टरबूज शेजारी देऊन टाकलं.

पंचवीसला मंडळी आली. धम्मा, आणि साथीला तिघं. त्यातला कीबोर्ड वाजवणारा रवी मूळचा अकोल्याचा, मोकळा पोरगा. धम्मा आईशी स्वयंपाकघरात बोलत असताना मी अंगणात त्याला चहा दिला आणि सहज विचारलं, "अकोल्याचा कार्यक्रम कसा झाला?"

तो चमकला. "काका, बाकीची तिन्ही गावं रद्द झाली ना. आयोजकानं हात वर केले. हे एकच राहिलं."

मी कप खाली ठेवला.

"धम्मा म्हणाली बाबांना सांगू नका, ते घाबरतील." मग त्याला वाटलं असावं की सांगितलंच आहे तर पूर्ण सांगावं. "तिला तिकडच्या एका शाळेनं संगीत शिकवायची नोकरी देऊ केली आहे. पूर्ण वेळ. महिनाअखेर कळवायचं आहे. ती म्हणते, खामगाव करून पाहते आणि मग ठरवते."

घाबरेन म्हणून मला सांगितलं नाही, याचा आधी अपमान वाटला. मग मी घाबरलो. आतापर्यंत मी एका हॉलची काळजी करत होतो. आता त्या हॉलवर पोरीच्या वाजवण्याची सतरा वर्षं येऊन बसली होती, आणि तिथं कोण येणार होतं तर पापाबद्दल ऐकायला भजनी मंडळ.

सव्वीसला दुपारी पारा चव्वेचाळीसवर होता. सभागृहात चार कूलर घुरघुरत होते. पाहिलं तर व्यासपीठामागच्या खोलीत टेबलावर धम्माची एक छोटी डबी उघडी पडली होती. आत रीड होत्या. रीड म्हणजे बोरूच्या जातीच्या वेताची बोटभर पातळ पट्टी. ती वाद्याच्या तोंडाशी बांधतात आणि सगळा सूर तिच्यातून निघतो, हे मला माहीत होतं. खुर्च्या लावणारी माणसं ये-जा करत होती, कूलरचं पाणी उडत होतं. कोणी उचलली तर, भिजली तर. मी डबी बंद केली आणि सुरक्षित जागी, म्हणजे माझ्या स्कूटरच्या डिकीत, कुलूप लावून ठेवली. स्कूटर उन्हात होती.

साडेपाचला धम्मा वाद्य गळ्यात अडकवत असताना ओढणीचं टोक वाद्याच्या तोंडाशी बांधलेल्या पट्टीत अडकलं आणि पट्टीचा टवका उडाला. ती जराही गडबडली नाही. "असं होते," म्हणाली. "माझी डबी कुठं आहे?"

मी धावत जाऊन आणली. डिकी भट्टीसारखी तापली होती. डबी उघडली तर सात पट्ट्यांपैकी काही पापडासारख्या वळल्या होत्या, काही उभ्या चिरल्या होत्या. तिनं त्यातल्या बऱ्या दोन ओल्या करून लावून पाहिल्या. कोंबडीची मान पिरगाळावी तसा आवाज निघाला.

ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, "बाबा, मास्तर कुठं आहेत? त्याइच्याजवळ पट्ट्या असतात."

मास्तर कुठं आहेत हे जगात माझ्याइतकं नेमकं कोणालाच माहीत नव्हतं. कार्यक्रम सहाचा होता. मी इंद्रभानना म्हणालो, "लोकांना बसवून ठेवा," आणि स्कूटरला लाथ मारली. मागून माईकवर त्यांचा आवाज ऐकू आला: "प्रवाशांनी... रसिकांनी कृपया जागा सोडू नये. कार्यक्रम थोड्याच वेळात सुटेल. थोड्याच वेळात सुटेल."

वरात मुख्य रस्त्यावर होती. घोडा मागे, मध्ये नाचणारी पोरं, आणि त्या रिंगणाच्या पलीकडे लाल कोटातले शेषराव मास्तर, डोळे मिटून सॅक्सोफोन वाजवताना. मी कडेनं जायला लागलो तर तुळशीरामनं पाहिलं. "साहेब आले, साहेब आले," म्हणत त्यांनी मला धरलं आणि कोणीतरी माझ्या डोक्याला फेटा गुंडाळायला लागलं. मी "घाई आहे, घाई आहे" म्हणत होतो. बँडपुढे ते कोणाला ऐकू जाणार?

मास्तरांपर्यंत जायचा रस्ता रिंगणातूनच होता आणि रिंगणातून सरळ चालत जाणारा माणूस कोणी पुढे जाऊ देत नाही. म्हणून मी हात वर केले. स्वतःच्या लग्नातही मी नाचलो नव्हतो. त्या दिवशी फेटा घालून, चपला सांभाळत, छातीवर एक हात ठेवून मी सुमारे तीस फूट नाचलो आणि मास्तरांच्या कानाशी पोचलो.

"मास्तर, धम्माची पट्टी तुटली. बाकीच्या मी उन्हात ठेवल्या."

मास्तरांनी डोळे उघडले. वाजवणं थांबवता येत नव्हतं, पोरं रंगात होती. त्यांनी डोळ्यांनीच कोटाचा वरचा खिसा दाखवला. मी खिशात हात घातला आणि तंबाखूची डबी बाहेर काढली. तेवढ्यात माझं मनगट कोणीतरी पकडलं. वरातीच्या बंदोबस्ताचा हवालदार होता.

"खिसा मारून राह्यला काय, फेटेवाला?"

"मी हिवराळे," मी म्हणालो. घाबरल्यावर माणूस नाव का सांगतो कोण जाणे.

हवालदाराची पकड घट्ट झाली. "हिवराळे? सुमंगलवाले? तुमच्या नावावर एक वरात आहे आज. मी तासभर धुंडून राह्यलो ती वरात. कुठं आहे ती?"

"ती हॉलमधून हॉलमध्येच आहे," मी म्हणालो, आणि हे खरं असूनही अत्यंत खोटं वाटलं.

शेवटी मास्तरांनी वाद्य खाली घेतलं. बँड थांबला, नाचणारे थांबले, घोडाही थांबला. अख्खा रस्ता माझ्याकडे पाहत होता.

"सोडा त्याइले," मास्तर म्हणाले. "माह्या चेलीचे वडील आहेत. पोरगी तिकडं उभी आहे लोकाइसमोर, आणि तिच्या वाद्याले जीभ नाही."

तुळशीराम पुढे आले. एवढी वरात थांबली म्हणून ते चिडतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "मंग द्या ना लवकर, मास्तर. मुहूर्त दोघाइचाही आहे."

मास्तरांनी डबी उघडली. आत संत्र्याची साल होती, तिच्या ओलाव्यात पट्ट्या ठेवलेल्या. त्यांनी एक-एक पट्टी उजेडात धरून पाहिली, एक निवडली, सदऱ्याला पुसली. "ही घ्या. जुनी आहे, गरीब आहे. तिले म्हणा जोरात फुंकू नको. पुचकारून घे."

सव्वासहा झाले होते. मी ती पट्टी मुठीत, सालीसकट, घेऊन स्कूटर चालवली. फेटा काढायचं सुचलं नाही.

सभागृहात पाय ठेवला तर जागा नव्हती. पुढच्या तीन रांगांत भजनी मंडळ, मागे कॉलेजची पोरं, जी पाप पाहायला आली होती, आणि मधल्या रांगांत इंद्रभानच्या कंडक्टरांनी आपापल्या गावाहून आणलेले लोक. पाऊण तासात एकही माणूस उठला नव्हता. एसटीची सवय कामी आली असावी.

धम्मानं पट्टी बांधली, ओठाशी नेऊन हळूच एक फुंकर मारली, आणि मान हलवली. मग ती व्यासपीठावर गेली. पण वाजवायच्या आधी तिनं माझ्याकडे पाहून कूलरकडे बोट दाखवलं. त्या घुरघुरीत काही ऐकू गेलं नसतं. मी कूलर बंद केले. दोन मिनिटांत एकानं येऊन सुरू केले. मी पुन्हा बंद केले आणि बटणांपुढे पाठ लावून उभा राहिलो. पहिल्या रांगेतली माझी खुर्ची रिकामी राहिली आणि मुलीचा कार्यक्रम मी पहिल्यांदाच ऐकला तो बटणांचा रखवालदार म्हणून.

पहिलं एकाच लांब सुरानं सुरू झालं. संपलं तेव्हा टाळी पडली नाही. लोकांना ते संपलं हे कळलंच नव्हतं. माझ्या छातीचा आवाज मला ऐकू येत होता. दुसरं फार वेगानं गेलं, माझ्या तर डोक्यावरून गेलं. मागून एक पोरगा ओरडला, "नागीण वाजवा, ताई."

मी डोळे मिटले. धम्मा माईकजवळ आली. "दादा, नागीण माह्या मास्तरांची. ते आता बाहेर रस्त्यावर वाजवून राह्यले. मले त्याइच्यासारखी येत नाही, म्हणून मी वाजवत नाही." हॉलमध्ये हसू पसरलं. त्या पोरानं हात जोडले.

तिसरी चाल सुरू झाली तेव्हा आधी ओळखू आली नाही. ती फार सावकाश होती. मग मंजुश्रीनं पदर डोळ्याला लावला आणि माझ्या लक्षात आलं. आमच्या वस्तीत दर चौदा एप्रिलला मिरवणुकीत जी चाल वाजते, भोंग्यातून, ट्रकवरून, बेभान, ती ही होती. फक्त धम्मानं तिला गर्दीतून काढून एकटीला चालायला लावलं होतं. हळूहळू एकेका रांगेला ती ओळखू आली. कोणीतरी ताल धरला. भजनी मंडळानं टाळ आणले नव्हते, पण हात होते. बनाबाई शेजारणीला इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की मला ऐकू आलं, "दम पाह्य या पोरीचा. मले दोन जिने चढता येत नाहीत."

टाळ्या पडल्या तेव्हा मी बटणांपासून बराच पुढे आलो होतो. कूलर सगळे सुरू होते. कोणाला त्याचं काही नव्हतं.

कार्यक्रम आटोपल्यावर आत खुर्च्या रचल्या जात होत्या. धम्मा बाहेर पायऱ्यांवर बसली होती. मी शेजारी बसलो.

"कसं वाटलं?" तिनं विचारलं.

"दुसरं मले समजलं नाही."

"आणि तिसरं?"

"तिसऱ्याले मी ड्युटी सोडली."

ती हसली. मग मी म्हणालो, "शाळेचं काय करतेस?"

"रव्यानं सांगितलं वाटते."

"मले तू काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही घाबरले असते."

"आणि तू नाही घाबरत?"

तिनं उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटं थरथरत होती. "सकाळपासून असंच आहे," ती म्हणाली. "दरवेळी असते. शाळेत वाजवत होती तेव्हापासून. छाती अशी उडते की वाटते माईकमधून ऐकू जाईन. म्हणून पहिलं लांब सुराचं ठेवते. तो सूर संपेपर्यंत छाती जाग्यावर येते."

मी माझा हात तिच्या हाताशेजारी धरला. दोन्ही हातांत काही फरक नव्हता. मला इतकी वर्षं वाटत होतं की ही गोष्ट माझ्या एकट्याच्या अंगात आहे, आणि ती अंगात असलेल्या माणसानं दाराबाहेरच थांबायचं असतं.

"मग नोकरी घेऊ का नको?" तिनं विचारलं.

"मले नको विचारू. मी घाबरट माणूस आहो."

"मी बी घाबरटच आहो, बाबा. म्हणून तं तुम्हालेच विचारून राह्यली."

मी बराच विचार केला. "पूर्ण वेळ नको म्हण," मी म्हणालो. "अर्धा वेळ मागून पाह्य. अर्जाचा मसुदा मी करून देतो."

मसुदा मी केला. शाळेनं तो एकदाही परत न पाठवता आठवड्यातले तीन दिवस मान्य केले. दिवाळीनंतर अमरावतीचा रद्द झालेला कार्यक्रम झाला. हॉल दोन-तृतीयांश भरला होता. मी चौथ्या रांगेत बसलो. धम्मा पुढे आली, वाद्य ओठाला लावलं, आणि माझी छाती उडायला लागली. आता तिचीही उडत असणार, हे मला माहीत होतं. सूर सुरू झाला. फार लांब होता. दोघांनाही पुरला.